नियम पडद्यावर लिहू नका : करोल बागेतून एमव्हीसीच्या बाजूने

देशातील एखाद्या मोठ्या सरकारी पोर्टलची बातमी आली की चर्चा दोनच प्रश्नांची होते. सर्व्हर कोसळला का? आणि पान दिसायला कसे आहे? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम विचारायला हवा असा तिसरा प्रश्न बातमीत सहसा नसतोच : ज्या नियमाने माझा अर्ज स्वीकारला किंवा नाकारला, तो नियम या यंत्रणेत नेमका कुठे लिहिलेला आहे? या प्रश्नाचे उत्तर देता न येणारी यंत्रणा कितीही देखणी असली, तरी नागरिकाच्या दृष्टीने ती नादुरुस्तच आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. आणि हा प्रश्न विचारायला शिकवणारी संगणकशास्त्रातील शिस्त, म्हणजे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर अर्थात एमव्हीसी, आपण आपल्या वर्गांत तीन व्याख्या आणि एका चौकोनी आकृतीत कोंडून निर्जीव करून टाकली आहे.

हे करोल बागेतून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. शेजारच्या राजिंदर नगरासह हा परिसर महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी येणाऱ्या मुलामुलींचा. त्यांचे वर्षानुवर्षांचे कष्ट शेवटी एका वेब-अर्जाच्या दारातून आत जातात. २८ मे २०२५ रोजी संघ लोकसेवा आयोगाने अर्जांसाठी नवे पोर्टल सुरू केले. खाते उघडणे, सार्वत्रिक नोंदणी आणि सामाईक अर्ज हे त्याचे तीन भाग सर्व परीक्षांना समान आहेत व ते केव्हाही भरून ठेवता येतात. चौथा भाग त्या त्या परीक्षेचा. जुनी एकवेळ नोंदणी बाद झाली आणि सर्वांना माहिती नव्याने भरावी लागली. बहुतेकांनी ही बातमी ‘नवे रूप’ म्हणून वाचली. खरी बातमी वेगळीच होती. ‘उमेदवार कोण आहे’ ही गोष्ट ‘तो कोणत्या परीक्षेला बसतो आहे’ या गोष्टीपासून वेगळी काढली गेली. हा रंगरंगोटीचा निर्णय नव्हे, विषयाच्या मांडणीचा निर्णय आहे. असा निर्णय पहिल्याच दिवशी घेतला गेला, तर पुढे लाखो लोकांना आपली जन्मतारीख पुन्हा पुन्हा भरत बसावे लागत नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. एमव्हीसीचा जन्म वेबसाठी झालाच नव्हता. नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्स्काउग हे जहाजबांधणीच्या संगणकीय आरेखनातून आलेले शास्त्रज्ञ. १९७८-७९मध्ये ते कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात पाहुणे संशोधक होते. स्मॉलटॉक भाषेच्या परिसरात काम करताना त्यांनी १९७९च्या डिसेंबरात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर या तिघांची मांडणी करणारे एक छोटेखानी टिपण लिहिले. त्यांच्यापुढचा पेच प्रोग्रामरच्या सोयीचा नव्हता. प्रचंड आणि गुंतागुंतीची माहिती हाताळणाऱ्या माणसाच्या मनात त्या कामाचे एक चित्र असते, आणि संगणकात त्याच कामाचे दुसरे चित्र साठवलेले असते. या दोन चित्रांमधली दरी मिटवायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे या रचनेच्या केंद्रस्थानी वापरणारा माणूस होता. आपण शिकवताना नेमके त्यालाच वगळले आणि तीन फोल्डर तेवढे शिल्लक ठेवले.

या कल्पनेची मुळे त्याहूनही मागे जातात. १९७२मध्ये डेव्हिड पार्नास यांनी दाखवून दिले की कार्यक्रमाचे तुकडे त्याच्या पायऱ्यांनुसार पाडू नयेत. जो निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे, तो निर्णय एकेका तुकड्याच्या आत झाकून ठेवावा. १९७४मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी एका वेळी एकाच बाजूचा विचार करण्याच्या शिस्तीला नाव दिले. एमव्हीसी हे या विचाराचे एक ठोस रूप आहे. काय खरे आहे ते मॉडेल जाणते. ते कसे दाखवायचे हे व्ह्यू पाहतो. बाहेरून आलेली विनंती ऐकून ती योग्य जागी पोहोचवण्याचे काम कंट्रोलरचे.

करोल बागेच्या शेजारीच, पुसा परिसरात, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. भारताची प्रमाणवेळ तिथल्या आण्विक घड्याळांवरून राखली जाते. अजमल खान रोडवरच्या एखाद्या दुकानातले घड्याळ दहा मिनिटे मागे पडले, म्हणून देशाची वेळ मागे पडत नाही. आणि त्या दुकानदाराने घड्याळाची तबकडी बदलली, म्हणून प्रयोगशाळेला काही कळवावे लागत नाही. सत्य एका ठिकाणी, दर्शन हजार ठिकाणी. गफ्फार मार्केटातला कारागीर फुटलेल्या मोबाइलचा पडदा बदलून देतो, तेव्हा तुमची छायाचित्रे जागच्या जागी राहतात, कारण ती पडद्यात नसतातच. या दोन गोष्टी ज्याला नीट समजल्या, त्याला एमव्हीसीचा अर्धा भाग समजला. उरलेला अर्धा भाग अवघड आहे, कारण वेबवर पडदा आणि पोटातला साठा यांच्यामधली भिंत आपोआप उभी राहत नाही. ती लिहिणाऱ्याने बांधावी लागते, आणि घाईच्या दिवसांत तीच पहिल्यांदा ढासळते.

भिंत ढासळली तर काय होते हे समजून घ्यायला २०२१च्या कोविनइतके चांगले उदाहरण देशात दुसरे नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविशील्डच्या दोन मात्रांत २८ दिवसांचे अंतर होते. २२ मार्चला केंद्राने ते चार ते आठ आठवडे केले व सहा ते आठ आठवड्यांना पसंती दिली. १३ मे रोजी ते बारा ते सोळा आठवडे झाले. तीनच दिवसांत जाहीर करण्यात आले की पोर्टलमध्ये त्यानुसार बदल केला आहे, मात्र आधी घेतलेल्या भेटीच्या वेळा रद्द होणार नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक अपवाद आला : शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकच्या चमूतील लोक यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेता येईल. कोव्हॅक्सिनला यातले काहीही लागू नव्हते. तिचे अंतर वेगळेच होते.

विद्यार्थिमित्रांनो, येथे थोडे थांबा आणि हा नियम स्वतः लिहून पाहा. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. नवशिका माणूस काय करतो? तारीख निवडण्याच्या चौकटीत, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडात, ८४ हा आकडा लिहून मोकळा होतो. पडद्यावर सारे ठीक दिसते. पण नोंदणीची दारे त्या काळी एकच नव्हती. कोविनचे संकेतस्थळ, आरोग्य सेतू आणि उमंग अशा तीन ठिकाणांहून नागरिक येत होते. ८४ हा आकडा पडद्यावर लिहिला, तर तो तिन्ही ठिकाणी लिहावा लागेल. तिन्ही चमूंनी तो एकाच रात्री बदलला नाही, तर एकाच देशातल्या दोन नागरिकांना एकाच दिवशी दोन वेगळे नियम लागू होतील. आणि ज्याला ब्राउझरला वळसा घालून थेट सर्व्हरकडे विनंती धाडता येते, त्याला तर कुठलाच नियम लागू होणार नाही. पडद्यावरची तपासणी ही सभ्य माणसासाठी केलेली सूचना असते. ते कुलूप नव्हे.

थोडा अनुभवी माणूस हा नियम कंट्रोलरमध्ये लिहितो. हे अधिक फसवे, कारण काही काळ ते चालून जाते. पण कंट्रोलरचे काम विनंती ऐकण्याचे. नागरिकाने स्वतः नोंदणी केली, त्याचा एक कंट्रोलर. लसीकरण केंद्रावर कर्मचाऱ्याने थेट नोंद केली, त्याचा दुसरा. बाहेरच्या ॲपसाठी तिसरा. नियम तिघांत नकलून ठेवला की पुन्हा तेच दुखणे. म्हणून त्याची खरी जागा मॉडेलमध्ये. तेथे एकच प्रश्न असतो : या व्यक्तीने, या लसीची, या दिवशी पहिली मात्रा घेतली आहे, आज लागू असलेल्या नियमानुसार दुसरी केव्हा घेता येईल? उत्तरात तारीख यायला हवी आणि तारखेसोबत कारणही. लसीचा प्रकार, व्यक्तीचा प्रवर्ग, नियम लागू झाल्याची तारीख आणि भेट आधी ठरली होती की नंतर, या चारही गोष्टी या एकाच ठिकाणी एकत्र येतात. १३ मेचा बदल मग एका जागचा बदल होतो. जूनचा अपवाद हा त्याच नियमाखाली लिहिलेली एक ओळ ठरतो. आणि ब्राउझर न उघडता, एकही पान न रंगवता, या नियमाची शंभर उदाहरणांवर चाचणी घेता येते.

हे केवळ सोयीचे प्रकरण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी केरळ उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२१मधील आदेश आठवावा. एका कंपनीने आपल्या कामगारांसाठी विकत घेतलेल्या लसीची दुसरी मात्रा लवकर देऊ द्यावी, अशी मागणी केली होती. एकल न्यायमूर्तींनी केंद्राला सांगितले की चार आठवड्यांनंतर दुसऱ्या मात्रेची वेळ घेता येईल अशी तरतूद कोविन पोर्टलमध्ये करा. पुढे खंडपीठाने तो आदेश रद्द केला. निकाल कोणाच्या बाजूचा बरोबर, हा आपला विषय नाही. त्या आदेशाची भाषा मात्र पाहा : न्यायालयाला धोरण बदलण्यासाठी पोर्टल बदलायला सांगावे लागले. कारण व्यवहारात नागरिकासाठी धोरण म्हणजे पोर्टल जे करू देते ते. राजपत्रात काहीही छापलेले असो. बटण दाबले जात नसेल, तर हक्क अस्तित्वात नाही. मग ते बटण ज्या ओळीमुळे निष्क्रिय होते, ती ओळ कुठे आहे हे विचारणे हा तांत्रिक छंद कसा म्हणता येईल?

आणखी एक घटना घ्या. ८ मे २०२१पासून कोविनमध्ये चार आकडी सुरक्षा संकेतांक आला. भेट ठरवूनही केंद्रावर न गेलेल्या काही नागरिकांना ‘आपल्याला मात्रा देण्यात आली’ असे संदेश मिळाले होते. केंद्रावरील चुकीच्या नोंदीमुळे हे घडत असल्याचे सांगण्यात आले. यानंतर भेटीच्या वेळी नागरिकाने आपल्याजवळचा संकेतांक सांगायचा, तो जुळला तरच पुढची नोंद, असा क्रम ठरला. यातून शिकण्यासारखे फार आहे. मोबाइलवरचा संदेश आणि सुबक प्रमाणपत्र ही दोन्ही दृश्ये आहेत. मॉडेलमध्ये खोटे शिरले की दृश्य ते खोटे अत्यंत प्रामाणिकपणे दाखवते. सुंदर छपाईने असत्य सत्य होत नाही. म्हणून मॉडेलची अवस्था बदलण्यापूर्वी पुरावा मागणे ही दाराची जबाबदारी, आणि कोणता पुरावा पुरेसा ते ठरवणे हे मॉडेलचे काम. चार आकडे ही छोटी गोष्ट, पण त्यांनी नागरिकाला त्याच्याच नोंदीवर थोडी सत्ता परत दिली.

उलट बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. कोविनचा सुरुवातीचा चेहरा इंग्रजी होता. ३१ मे २०२१च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीबद्दल कडक प्रश्न विचारले. जूनमध्ये हिंदी, मराठी आणि इतर प्रादेशिक भाषा पोर्टलवर आल्या. भाषा हा व्ह्यूचा प्रांत. मॉडेल आणि व्ह्यू वेगळे असतील, तर मराठी आणण्यासाठी लसीच्या नियमाला हात लावावा लागत नाही. जेथे ते गुंतलेले असतात, तेथे ‘मराठी आवृत्ती पुढच्या टप्प्यात’ हे वाक्य ऐकू येते आणि तो टप्पा उगवत नाही. आपली भाषा पोर्टलवर नसण्याला दर वेळी दुष्टावाच कारणीभूत असतो असे नाही. पुष्कळदा कारण असते वाईट मांडणी. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी एमव्हीसी शिकावे.

आता आक्षेपांना उत्तरे देतो.

पहिला आक्षेप, एमव्हीसी जुने झाले. २०१४मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी फ्लक्स ही रचना मांडताना एमव्हीसीवर जाहीर टीका केली, हे खरे. मॉडेले आणि दृश्ये एकमेकांना दोन्ही दिशांनी बदलू लागली की कोणत्या बदलाने काय घडले हे उमगत नाही, ही त्यांची तक्रार रास्तच होती. पण त्यांचा उपाय काय होता? माहिती एकाच दिशेने वाहू द्या, अवस्था ठरावीक जागी ठेवा, दृश्याला फक्त दाखवण्याचे काम द्या. म्हणजे मूळ शिस्त त्यांनी अधिक कडक केली. नाव बदलले म्हणून तत्त्व मोडीत निघत नाही. जँगोवाले ‘व्ह्यू’ या शब्दाचा अर्थ वेगळा घेतात आणि पानाच्या साच्याला टेम्प्लेट म्हणतात. रेल्सवाले तसे करत नाहीत. मुलाखतीत या नावांवरून विद्यार्थ्याला कोंडीत पकडणे म्हणजे गणित सोडून फळ्यावरच्या खडूच्या रंगावर वाद घालणे होय. मुळात स्मॉलटॉकमधला व्ह्यू मॉडेलवर सतत नजर ठेवून असे. वेबवर विनंती येते, उत्तर जाते आणि संबंध संपतो. त्यामुळे वेबवरचे एमव्हीसी हे मूळ रचनेचे भाषांतर आहे. भाषांतरात शब्द बदलणारच, आशय टिकला पाहिजे.

दुसरा आक्षेप, एवढ्याशा कामाला एवढा पसारा कशाला? हा आक्षेप अंशतः मान्य. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेचे एक पान करायचे असेल, तर तीन थर उभारणारा माणूस मूर्खच म्हणायचा. जेथे नियम नाही, तेथे नियमासाठी खोली बांधू नये. पण ज्या क्षणी त्या पानावर वर्गणीची नोंद येते, पावती येते आणि ‘कोणाला सूट’ हा प्रश्न येतो, त्या क्षणी नियम जन्माला येतो. त्याला घर हवे.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि सध्या सर्वांत मोठ्याने उच्चारला जातो : आता कोड यंत्रच लिहून देते, मांडणीची चिंता कशाला? मला हे युक्तिवादाचे उलटे टोक वाटते. कोड लिहिणे स्वस्त झाले, की वाचणे आणि पडताळणे महाग होते. यंत्राने दोन हजार ओळींची एक सलग फाइल दिली आणि ती चालली, तर ती का चालली आणि उद्या नियम बदलल्यावर कुठे हात घालायचा हे सांगण्याची जबाबदारी कोणाची? ज्याला मॉडेलची सीमा आखता येत नाही, तो यंत्राला नीट काम सांगूही शकत नाही आणि त्याचे काम तपासूही शकत नाही.

यामुळे शिक्षणाची गोष्ट टाळता येत नाही. आपल्या प्रश्नपत्रिका विचारतात, एमव्हीसीची आकृती काढून स्पष्टीकरण द्या. विद्यार्थी तीन चौकोन काढतो, बाण जोडतो, गुण मिळवतो. त्याच विद्यार्थ्याच्या प्रकल्पात डेटाबेसकडे जाणारा प्रश्न थेट पानाच्या साच्यात लिहिलेला असतो, आणि परीक्षकही पडदा पाहून समाधान मानतो. मग प्रश्नच बदलायला हवा. विद्यार्थ्याला एक चालते ॲप द्या आणि सांगा, प्रवेशाची वयोमर्यादा एका वर्षाने बदला, एका प्रवर्गाला सूट द्या, आणि आधी आलेले अर्ज जुन्याच नियमाने राहू द्या. किती फाइलींना हात लागला ते मोजा. करोल बागेतल्या गल्ल्यांत सांगली-विट्याकडून आलेली गलाई व्यावसायिक मराठी कुटुंबे सोने गाळून शुद्ध करतात; तेथे कोणी दागिन्याच्या नक्षीवरून शुद्धता ठरवत नाही. आपण मात्र नक्षीला गुण देतो.

सरकारकडेही एक मागणी आहे. बाहेरून पोर्टल पाहून आतली मांडणी ओळखता येत नाही. मे २०२०मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला करण्यात आला, तेव्हा देशभरच्या विद्यार्थ्यांना तो वाचता आला. जुलै २०२१मध्ये कोविन इतर देशांसाठी खुल्या स्वरूपात देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली होती. २०१५पासून केंद्राकडे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयीचे धोरणही आहे. या दिशेचे पुढचे पाऊल अगदी साधे आहे : ज्या पोर्टलवर नागरिकाचा हक्क ठरतो, त्याचा निदान नियमांचा भाग, म्हणजेच मॉडेल, लोकांना वाचता आले पाहिजे. नागरिकांची खासगी माहिती झाकलेलीच राहिली पाहिजे. नियम झाकण्याचे मात्र काही कारण नाही. माहिती आणि नियम वेगळे ठेवलेले असतील, तरच हे शक्य होते. म्हणजे खुलेपणाची पूर्वअटसुद्धा मांडणीच आहे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी तीन कसोट्या. स्वतःचा प्रकल्प उघडा. पहिली, सगळी पाने काढून टाकली तर नियम चालवून पाहता येतो का? दुसरी, नियम बदलला तर किती जागी बदल करावा लागतो? एकाहून अधिक उत्तर आले, तर काम अपुरे आहे. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : ॲपने कोणाला नाकारले, तर ते कोणत्या नियमाने नाकारले हे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगते का? ‘अवैध माहिती’ एवढेच लाल अक्षरांत लिहून थांबणारे ॲप हे उर्मट कारकुनाचे आधुनिक रूप आहे.

कधी ना कधी तुमच्यापैकी कोणीतरी अशा पोर्टलवर काम करेल, ज्यावर एखाद्या दूरच्या तालुक्यातल्या मुलीची शिष्यवृत्ती अवलंबून असेल. तिला एमव्हीसी हे अक्षर कधी ऐकू येणार नाही. तिचा अर्ज का थांबला, हे तिला एका वाक्यात कळले, आणि ते वाक्य खरे असले, तर समजा की तुम्ही हा विषय शिकलात.